आतून बंद झालेलं दार

कार्यकर्ती : वकीलसाहेब, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीतल्या खटल्यांचा विषय निघाला की मी आधी 26 मार्च 1972 च्या रात्रीपाशी जाते. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता. तो झाला 1982 मध्ये. वैनगंगेजवळचं देसाईगंज, म्हणजे आपलं वडसा, चंद्रपूर जिल्ह्यात मोडायचं. आईबाप लहानपणीच गेलेले, भावाबरोबर मजुरी करून जगणारी एक आदिवासी मुलगी. वय 14 ते 16 च्या दरम्यान, असं तपासणाऱ्या डॉक्टरांचं मत. ज्या घरी ती कामाला जायची तिथल्या बाईच्या भाच्याबरोबर तिनं संसार करायचं ठरवलं. भावाला ते पटलं नाही, त्यानं पळवून नेल्याची रिपोर्ट दिली. रात्री नऊच्या सुमारास सगळ्यांना ठाण्यात आणलं. साडेदहापर्यंत जबाब झाले, जबाब घेणारा जमादार जेवायला घरी गेला. बाकीचे निघाले, तेव्हा ठाण्यातल्या दुसऱ्या जमादारानं आणि शिपायानं तिला एकटीला थांबवून घेतलं. बाहेर थांबलेल्या तिच्या माणसांनी पाहिलं की ठाण्यातले दिवे मालवले आणि दार आतून बंद झालं. माझ्यासाठी सगळा खटला त्या एका वाक्यात आहे. दार आतून बंद झालं.

वकील : ताई, हकिगत तुम्ही नीट सांगितलीत, पण सुरुवातीला तीन शब्द हवे होते : फिर्यादी पक्षाच्या म्हणण्यानुसार. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात हे सगळं नोंदलेलं आहे, पण फिर्यादी पक्षाची बाजू म्हणून. बाजू नोंदवणं वेगळं आणि ती शाबीत झाली असं म्हणणं वेगळं. आमचा सगळा धंदा या फरकावर चालतो. तुम्ही मुलीचं नाव घेतलं नाहीत, हे बरं केलंत. निवाड्यांच्या पुस्तकात हा खटला 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' म्हणून छापलेला आहे. देशानं मात्र त्याला तिच्याच नावानं ओळखलं. पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा ठरवणारं कलम 228-अ 1983 मध्ये आलं, तेही याच खटल्यातून उठलेल्या चळवळीमुळे. आज असा खटला उभा राहिला तर तिचं नाव छापता येणार नाही. म्हणून आपणही तिला 'ती' म्हणू.

आता निकाल क्रमानं पाहू. 1974 मध्ये चंद्रपूरच्या सत्र न्यायालयानं दोघांना सोडलं. ठाण्यात शरीरसंबंध झाला हे शाबीत आहे, बलात्कार झाला हे नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. 1976 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं तो निकाल फिरवला. शिपायाला पाच वर्षं आणि जमादाराला विनयभंगासाठी एक वर्ष सक्तमजुरी दिली. 15 सप्टेंबर 1978 ला सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी ती शिक्षा रद्द करून दोघांनाही निर्दोष सोडलं. त्यांचा तर्क असा : ती म्हणाली की आपण नेटानं प्रतिकार केला, ओरडलो. अंगावर जखमेची खूण नाही. म्हणजे प्रतिकाराची गोष्ट मानता येत नाही. ती गळून पडली, तर मरणाच्या किंवा इजेच्या भीतीनं संमती मिळवली, हे कशाच्या आधारावर धरायचं? शाबितीचा भार सरकारी पक्षावर होता आणि तो पेलला गेला नाही. तुम्हाला हा निकाल टोचतो, मलाही टोचतो. पण साक्षीदाराच्या जबाबाला डॉक्टरी पुरावा जुळत नाही, म्हणून संशयाचा फायदा द्या, हा युक्तिवाद मी स्वतः कितीतरी गरीब अशिलांसाठी केला आहे. त्याच युक्तिवादाला इथे चूक कसं म्हणू?

कार्यकर्ती : युक्तिवाद चुकला असं मी म्हणत नाही. पायऱ्या मोजा, एवढंच म्हणते. खूण नाही, म्हणून प्रतिकार खोटा. इथवर मी तुमच्या मागून येते, जरी तपासणी दुसऱ्या दिवशी रात्री आठला झाली होती हे विसरता येत नाही. प्रतिकार खोटा, म्हणून भीती खोटी. इथे माझा पाय अडतो. भीती खोटी, म्हणून संमती खरी. इथे तर पायरीच नाही, खड्डा आहे. घाबरलेलं माणूस लढतंच, असं कुणी सांगितलं? भीतीनं कितीतरी माणसं गारठून गप्प होतात. ज्या मुलीचा भाऊ काही वेळापूर्वी त्याच ठाण्यात तक्रार देऊन बसलाय, जिच्या माणसाला अटक होईल की नाही हे त्याच वर्दीवाल्यांच्या हातात आहे, ती अंधारात त्यांच्यापुढे उभी आहे. नागपूर खंडपीठाला हे दिसलं होतं. आरोपी तिला परके, ती स्वतःहून त्यांच्याकडे वळेल हे संभवत नाही, आणि मुकाट शरण जाणं म्हणजे संमती नाही, हा भेद तिथे स्पष्ट केलेला होता. दिल्लीतल्या न्यायमूर्तींनी तो भेद बाजूला ठेवला.

आणखी एक. 1978 च्याच एप्रिलमध्ये, नंदिनी सत्पथी खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं बाईला चौकशीसाठी ठाण्यात बोलावण्यावर कडक शब्दांत नापसंती नोंदवली होती. पाच महिन्यांनी त्याच न्यायालयापुढे एक मुलगी आली, जिला रात्री ठाण्यात आणून थांबवून घेतलं होतं, आणि त्याबद्दल निकालात नापसंतीचा एक शब्द आला नाही. कुंपणानं शेत खाल्लं की नाही, याची चर्चा झाली. शेत रात्री कुंपणाच्या ताब्यात का दिलं, याची झाली नाही.

वकील : हे मान्य. म्हणूनच 16 सप्टेंबर 1979 चं ते खुलं पत्र मी आजही तरुण वकिलांना वाचायला लावतो. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर, कायदा शिकवणारी चार माणसं. त्यांनी सरन्यायाधीशांना लिहिलं ते कारणं देऊन. संमती आणि शरणागती यांतला फरक, वय, गरिबी, ठाण्याचा दबदबा, सगळं एकेक मांडून. निकालावर टीका अशी व्हावी. माझी अडचण पुढच्या पायरीची आहे. पत्रानंतर मोर्चे निघाले. 1980 च्या 8 मार्चला अनेक शहरांत बायका रस्त्यावर आल्या, खटला पुन्हा ऐका म्हणाल्या. न्यायालयानं पुनर्विलोकन नाकारलं. समजा त्यांनी मान्य केलं असतं तर? रस्त्यावरच्या आवाजानं सुटलेला माणूस पुन्हा पिंजऱ्यात उभा करायचा, ही वाट एकदा पडली की त्या वाटेनं पुढे कोण कोण चालेल? आज तुमचा मोर्चा आहे. उद्या कुठल्या तरी गावात कुणा निरपराधाला फाशी द्या म्हणणारा मोर्चा असेल, आणि त्याचा आवाज तुमच्याहून मोठा असेल.

कार्यकर्ती : ही भीती खोटी नाही. पण त्या चळवळीनं शेवटी काय मिळवलं ते पाहा. त्या दोघांना पुन्हा आत टाकलं गेलं नाही. मिळाला तो नियम. 1980 मध्ये विधी आयोगाचा 84 वा अहवाल आला, 1983 मध्ये संसदेनं कायदा बदलला. ताब्यातल्या बाईवर पोलिसानं, सरकारी नोकरानं, तुरुंग किंवा रुग्णालयातल्या माणसानं केलेला बलात्कार हा वेगळा, जास्त शिक्षेचा गुन्हा ठरला. किमान दहा वर्षं. सुनावणी बंद दालनात. आणि पुरावा कायद्यात कलम 114-अ आलं : अशा ताब्यात शरीरसंबंध झाला हे शाबीत झालं आणि बाईनं न्यायालयात सांगितलं की माझी संमती नव्हती, तर न्यायालय संमती नव्हती असंच गृहीत धरील. पुढे वीस वर्षांनी बाईच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवायची मुभा देणारं कलम पुरावा कायद्यातून गेलं. 2013 मध्ये कायद्यानं लिहून ठेवलं की अंगानं प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येणार नाही. वडशाच्या खटल्यात जी पायरी चुकली, ती कायद्याच्या पुस्तकात दुरुस्त व्हायला 1972 च्या त्या रात्रीपासून 41 वर्षं लागली. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी 2010 मध्ये दोन बोटांच्या तपासणीविरुद्ध अहवाल लिहिला, तो प्रश्न नागपूर खंडपीठापुढे गेला. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती तपासणी करणं म्हणजे गैरवर्तन ठरवलं. वडशाच्या त्या मुलीच्या निकालातही जुन्या शरीरसंबंधांच्या खुणांची चर्चा होतीच.

आणि या सगळ्यातलं तिच्या वाट्याला काय आलं? काही नाही. फौजदारी कायदा मागे जाऊन शिक्षा देत नाही, आणि देऊही नये, हे मला कळतं. ज्या मुलीमुळे देशाचा कायदा बदलला, तिच्या खटल्यातला निकाल मात्र आहे तिथेच आहे. मोर्च्यानं एका खटल्याचा सूड मागितला असता, तर तुमची भीती खरी ठरली असती.

वकील : तुम्ही कलम 114-अ चं वर्णन फार काळजीपूर्वक केलंत, म्हणून मला हायसं वाटलं. पुष्कळ लोक म्हणतात, बलात्काराच्या खटल्यात आता निर्दोषपण आरोपीनंच शाबीत करायचं. तसं नाही. आधी ताबा शाबीत करायचा, मग शरीरसंबंध, मग तिनं न्यायालयात शपथेवर सांगायचं. त्यानंतर फक्त संमतीपुरतं गृहीतक. खिडकी लहान ठेवली, म्हणून ते कलम मला पटतं. पण गृहीतकांना पाय फुटतात, ताई. एकदा कायद्याला चटक लागली की शाबितीचं ओझं आरोपीकडे ढकलणं सोपं आहे, मग कायदे भराभर तसे होत जातात. आपल्या जिल्ह्यात याचं रूप आपण पाहिलं आहे. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात जामिनाचीच वाट उलटी आहे. आरोप वरवर खरा दिसला तरी माणूस आत.

7 मार्च 2017 ला गडचिरोलीच्या सत्र न्यायालयानं याच कायद्याखाली प्राध्यापक जी. एन. साईबाबा आणि आणखी चौघांना जन्मठेप दिली, सहाव्याला दहा वर्षं. 14 ऑक्टोबर 2022 ला नागपूर खंडपीठानं त्यांना सोडलं, कारण खटल्याला लागणारी सरकारी मंजुरी कायद्यानं सांगितलेल्या रीतीनं घेतलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सर्वोच्च न्यायालय खास बसलं आणि तो निकाल थांबवला. 2023 च्या एप्रिलमध्ये प्रकरण परत नागपूरला आलं. 5 मार्च 2024 ला खंडपीठानं मंजुरीही तपासली, पुरावाही तपासला, आणि सर्वांना निर्दोष सोडलं. साईबाबा त्याच वर्षी 12 ऑक्टोबरला गेले. गडचिरोलीचा एक आदिवासी तरुण आरोपी तर 2022 च्या ऑगस्टमध्ये, सुटकेचा पहिला निकाल यायच्या आधीच, कैदेत वारला. आता विचारतो. 1978 ची सुटका ऐकून ज्यांचं रक्त उसळलं, त्यांतले कितीतरी जण 2024 च्या सुटकेनं आनंदले. आणि 2022 ला 'तांत्रिक मुद्द्यावर सुटले' म्हणून हळहळणाऱ्यांना 1978 ची सुटका कधी टोचली होती? दोन्हीकडे संशयाचा फायदा मिळाला. तो आपल्या माणसाला मिळाला तर न्याय, दुसऱ्याला मिळाला तर अन्याय, असं असेल तर हे तत्त्व नाही, पक्ष आहे.

कार्यकर्ती : हा प्रश्न मी स्वतःला विचारला आहे, आणि त्याचं उत्तर मला त्या दारापाशी सापडतं. 1972 मध्ये दार आतून बंद झालं. साईबाबांच्या खटल्यात दार बाहेरून बंद झालं, कुलूप लागलं. पण दोन्ही वेळा दार ज्या हातानं लावलं तो हात एकच : सरकारचा. वडशाला वर्दी आत होती आणि मुलगी आत होती. गडचिरोलीच्या खटल्यात झडती सरकारची, पंचनामा सरकारचा, मुद्देमाल सरकारच्या ताब्यात, मंजुरी देणारेही सरकारचेच अधिकारी. म्हणून पहिल्या खटल्यात मी म्हणते, दाराआड काय झालं याचा हिशेब दार लावणाऱ्यानं द्यावा. दुसऱ्यातही तेच म्हणते : मंजुरी नीट का घेतली नाही, पंचनाम्यावर विश्वास का ठेवावा, याचा हिशेब सरकारनं द्यावा. संशयाचं माप दोन्ही वेळा एकच आहे. ज्याच्या हातात कडी, त्याच्याकडून जाब. ज्याच्या हातात कडी नाही, त्याला संशयाचा फायदा.

वकील : ऐकायला तत्त्व सरळ आहे. पण त्यात दोन गाठी आहेत, त्या सोडवून दाखवा. पहिली. शिपाई ठाण्यात असतो तेव्हा कडी त्याच्या हातात असते, कबूल. पण ज्या दिवशी त्याला पिंजऱ्यात उभा करतात, त्या दिवशी त्याची वर्दी उतरलेली असते. त्याच्याविरुद्ध सरकारी वकील, तपास अधिकारी, सगळी यंत्रणा. तुमच्याच मापानं आता तो एकटा माणूस आहे आणि कडी सरकारच्या हातात. त्या रात्रीचा बलवान आणि खटल्याच्या दिवसाचा दुबळा, एकच माणूस. कुठल्या दिवसाचं माप लावायचं?

दुसरी गाठ याहून घट्ट. 2024 च्या मे महिन्यात एटापल्ली तालुक्यातल्या बर्सेवाडा गावात जादूटोण्याच्या संशयावरून एका बाईला आणि एका माणसाला मारून जाळल्याचा आरोप झाला, पंधरा जणांना अटक झाली. जादूटोणाविरोधी कायदा 2013 पासून आहे. पण अशा खुनाच्या खटल्यात साक्ष देणार कोण? गाव बोलत नाही; साक्षीदार फितूर होतात. तिथे दार कुणी लावलं? गावानं. गाव म्हणजे सरकार नव्हे. ते स्वतः गरीब, जंगलातलं, दवाखान्यापासून आणि कचेरीपासून लांबचं. मग तुमच्या मापानं संशयाचा फायदा कुणाला, मारणाऱ्या गावाला की मेलेल्या दोघांना?

कार्यकर्ती : पहिल्या गाठीचं उत्तर आधी. पिंजऱ्यातल्या शिपायाला संशयाचा फायदा हवाच. त्याची ओळख पटली का, तो त्या वेळी तिथे होता का, संबंध झाला का, या प्रत्येक प्रश्नावर संशय त्याच्या बाजूनं जावा. ते कलमही तसंच आहे, तुम्हीच सांगितलंत. पण एक प्रश्न असा उरतो की त्याचं उत्तर फक्त आत असलेल्यांनाच ठाऊक आहे. तिथे तो 'मला ठाऊक नाही' असं म्हणू शकत नाही. हे काही बायकांच्या चळवळीनं शोधलेलं नाही. पुरावा कायद्याच्या कलम 106 मध्ये हे 1872 मध्येच लिहिलेलं होतं : जी गोष्ट खास कुणाच्या माहितीतली, ती शाबीत करायचा भार त्याच्यावर.

दुसऱ्या गाठीपुढे मी थांबते. गावानं दार लावलं की कडी कुणा एकाच्या हातात नसते, सगळ्यांच्या हातात असते आणि म्हणून कुणाच्याच नसते. पंधरा जणांविरुद्ध गृहीतक लावा, असं मी कधीच म्हणणार नाही. त्यांतला एखादा फक्त भीतीनं उभा असेल. तिथे हवी ती साक्षीदाराची पाठराखण. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. पण भामरागड-एटापल्लीकडच्या एकट्या बाईला संरक्षण द्यायचं म्हणजे तिला गावातून उचलून कुठे ठेवायचं? तिचं रान, तिचा मोह, तिची माणसं तिथेच. तिथे कायद्याला अजून उत्तर सापडलेलं नाही, मलाही नाही.

वकील : कलम 106 काढलंत, तर त्याची दुसरी बाजूही सांगतो. 1956 मध्ये शंभूनाथ मेहरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की या कलमाच्या आडून सरकारी पक्षानं आपलं ओझं आरोपीच्या डोक्यावर ठेवू नये. ठेवलं, तर कुठल्याही खुन्यानं 'मी मारलं नाही' हे शाबीत करत बसावं, असा विचित्र प्रकार होईल. आणि 2006 मध्ये आपल्याच राज्यातल्या त्रिमुख मारोती किरकन खटल्यात त्याच न्यायालयानं म्हटलं की घराच्या चार भिंतींत गुपचूप झालेल्या खुनात घरातल्यांनी काही तरी खुलासा द्यायलाच हवा. सरकारी पक्षावर भार असतोच, पण तो तुलनेनं हलका होतो. या दोन निकालांच्या मधल्या पट्टीवर आम्ही चालतो आहोत. बंद दार हा पुरावा नाही, पण बंद दाराला काही किंमत आहे. किती किंमत, ते प्रत्येक खटल्यात नव्यानं ठरतं.

आणि आता तुमच्या तत्त्वावर माझा सगळ्यात मोठा आक्षेप. ते चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. तुम्ही ते अर्ध्यावर सोडलंत, असं म्हणतो. दाराआड काय झालं याचा जाब दार लावणाऱ्यानं द्यावा, हे खरं असेल, तर ते एकाच गुन्ह्यापुरतं का? ठाण्याच्या कोठडीत माणूस मेला तर? 1985 मध्ये विधी आयोगानं 113 व्या अहवालात नेमकं हेच सुचवलं : पोलिसांच्या ताब्यात असताना इजा झाल्याचा पुरावा असेल, तर ती इजा ताबा असलेल्या पोलिसानं केली असं न्यायालयाला गृहीत धरता यावं. कलमाचा क्रमांकही सुचवला, 114-ब. तशी तरतूद आजही कायद्यात नाही. 1 जुलै 2024 ला जुने तीन फौजदारी कायदे गेले, नवे तीन आले. 114-अ नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम 120 म्हणून आलं. कोठडीतल्या इजेचं गृहीतक काही आलं नाही. मोर्चे निघाले त्या गुन्ह्याला कलम मिळालं. कोठडीत मरणाऱ्या माणसासाठी तेवढे मोर्चे निघाले नाहीत.

कार्यकर्ती : हा घाव मला लागला, आणि लागायलाच हवा होता. आपण ज्यांच्यासाठी रडतो, त्यांच्यासाठीच नियम मागतो. कोठडीत मेलेला बहुतेक वेळा कुणी तरी संशयित चोर असतो, कुणी तरी बदनाम; त्याच्यासाठी आपलं मन सहज उघडत नाही. म्हणून मला आता असं वाटतं, की एखाद्या निकालावरचा आपला राग खरा की नुसता लोंढा, हे ओळखायची खूण एकच : रागातून जो नियम मागतो, तो आपल्याला नावडत्या माणसालाही लागू झाला तर चालेल का? मला चालेल. आता तुम्हाला विचारते. तुम्ही जन्मभर आरोपीच्या बाजूनं उभे राहिलात. कोठडीतल्या मृत्यूच्या खटल्यात शिपाई आरोपी असेल आणि 114-ब असेल, तर तुम्हाला चालेल?

वकील : चालेल. ताबा आणि इजा दोन्ही शाबीत करा, मग गृहीत धरा. मी त्याच्या बाजूनं उभा असलो तरी तक्रार करणार नाही. पण मला आत कुठे तरी शंका आहे की त्याचा उपयोग फार थोड्यांना होईल. कारण तुमचं दार कुठे सुरू होतं, हेच ठरत नाही. कागदावर ताबा सुरू होतो ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते तेव्हा. पण आपल्या जिल्ह्यात माणसाला धरतात ते कधी कधी जंगलात, पहाटे, रस्त्यापासून कोसभर आत. भामरागडपासून गडचिरोलीचं न्यायालय दीडशे किलोमीटरहून जास्त लांब. पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद. धरल्यापासून नोंदीपर्यंतचा जो वेळ जातो, त्याला ना भिंत, ना दार, ना दिवा. 2020 च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावा आणि चित्रण दीड वर्ष जपा, असा आदेश दिला. चांगला आदेश. पण कॅमेरा ठाण्यात असतो, रानात नसतो.

शिवाय भाषा. माडिया बोलणाऱ्या माणसाचा जबाब मराठीत लिहिला जातो, तो नागपूर-दिल्लीला इंग्रजीत वाचला जातो. 'मी काही बोललो नाही' हे वाक्य तीन भाषांतून जाताना भीतीचं राहतं की संमतीचं होतं? गृहीतक दाराच्या आतल्या अंधाराला उपाय आहे, ताई. दाराच्या आधीच्या अंधाराला नाही.

कार्यकर्ती : मग मी पुन्हा वडशालाच जाते, कारण त्या रात्रीचा अर्धा भाग आपण अजून बोललोच नाही. आत जे झालं, त्याची फिर्याद नोंदली कशी गेली? दिवे मालवलेले पाहून तिची माणसं ठाण्याच्या मागच्या बाजूला गेली. ती जिच्याकडे कामाला जायची त्या बाईनं अंधारात तिच्या नावानं हाका मारल्या. गर्दी जमली. जेवायला गेलेला जमादार परत आला. निकालपत्रातच आहे की जमाव चिडला होता, शिपायाला मारायची आणि चौकी जाळायची भाषा करत होता; जमादारानं त्यांना समजावून पांगवलं, आणि त्यानंतर तिचा जबाब फिर्याद म्हणून लिहून घेतला. वकीलसाहेब, तुम्हाला जमावाची भीती वाटते. पण तो जमाव नसता, तर तुमच्या निवाड्यांच्या पुस्तकात 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा खटलाच नसता. दाराआडची गोष्ट कागदावर आली, ती बाहेर कुणी तरी हाक मारली म्हणून.

वकील : आणि त्याच जमावानं चौकी जाळली असती, शिपायाला मारून टाकलं असतं, तर ती गोष्ट बर्सेवाड्याहून फार वेगळी राहिली नसती. दोन्हीकडे रागावलेलं गावच. फरक एवढाच की वडशाला गाव समजावल्यावर पांगलं आणि कुणी तरी लेखणी काढून जबाब लिहिला. मला आता असं दिसतं : तुमचा आग्रह आणि माझा संशय, दोघांनाही त्या लेखणीची गरज आहे. जमाव नसेल तर ती निघत नाही, आणि जमाव पांगला नाही तर ती चालत नाही.

कार्यकर्ती : आणि जिथे हाक मारायला बाहेर कुणीच नसतं?

वकील : तिथे माझ्याकडे कलम नाही, ताई. तुमच्याकडे आहे का?

कार्यकर्ती : नाही. पण तिथे कलम नाही हे निदान आता आपल्या दोघांना कळलं आहे. 1972 मध्ये ते कुणालाच कळलं नव्हतं.